आखाजीच्या पानातले चार घास

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगड अशी गावे मागे टाकीत नवापूरला पोहोचते, तेव्हा आपण नेमके कोणत्या राज्यात उतरलो, हे प्रवाशाला चटकन सांगता येत नाही. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे आणि काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमारेषा गेली असून त्यावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. नंदुरबार जिल्ह्याचे हे पश्चिमेचे दार. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा उत्तरेला सातपुड्याला टेकलेला आहे, आणि त्याच्या मधून तापी वाहते.

नवापूरचे नाव स्वयंपाकघराला दोन गोष्टींनी परिचित आहे. एक तेथील तूरडाळ. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दुसरी कोंबडीपालन. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला बर्ड फ्लू येथेच आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. तो फटका सोसून हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला. डाळ आणि अंडे. माझ्या थोरल्या बहिणीच्या पथ्याच्या वहीत पहिल्याच पानावर हेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत, म्हणून गाडी नवापूरला थांबली की ती हसते.

अक्का चौसष्ट वर्षांची आहे. लग्नानंतर सारे आयुष्य सुरतेत गेले, तरी माहेर शहाद्याकडचे. गुडघे, मधुमेह आणि रात्रीचा कोंडणारा श्वास यांनी ती इतकी जेरीस आली होती की, गेल्या वर्षी चैत्राच्या तोंडावर तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. २०११ मध्ये नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशा प्रकारची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘बेरियाट्रिक’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यांनी आला होता. त्यानंतरही आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत ‘या वयात हे कशाला?’ हा प्रश्न उरलाच. वास्तविक या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत केवळ वयाचा आकडा अडसर मानलेला नाही. हृदय, फुप्फुसे, स्नायूंची ताकद आणि एकंदर अशक्तपणा किती, याचा विचार त्याहून महत्त्वाचा धरला आहे.

अक्काची शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ प्रकारची. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. जागा तर कमी होतेच. शिवाय भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने ज्या भागात तयार होते, तोच भाग निघून गेल्याने बरेच महिने भूकही मंदावते. आरंभी केवळ पातळ पदार्थ, मग गाळलेले आणि घोटलेले, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनंतर हळूहळू घरचे नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्याचा कालावधी आपापल्या डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी ठरवायचा. सुरतेत राहण्याचा एक लाभ असा की, मऊ आहाराच्या दिवसांत अक्काला लोचो मिळाला. वाफवलेल्या हरभरा डाळीचा तो ढिला, लुसलुशीत प्रकार, अर्थात वरचे तेल आणि शेव वगळून. तिच्या मते त्या लोच्याने तिला माणसांत आणले.

पण आखाजी ही वेगळी गोष्ट होती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतकेच तिचे महत्त्व मानतात. पितरांच्या नावाने घागर भरायची, गौराई बसवायची, झोके बांधायचे; आणि सासुरवाशिणींनी माहेरी यायचे. पानात खापरावरचे मांडे आणि आमरस, सोबत रशी, भजी, कुरडई. गेल्या वर्षीची आखाजी अक्काने घोटलेल्या डाळीच्या वाटीवर काढली. यंदा माहेराहून बोलावणे आले, तेव्हा ती म्हणाली, “माहेरी जाऊन जेवायचेच नाही, तर जायचे कशाला?” वजन छत्तीस किलोंनी उतरले होते, मधुमेहाची गोळी एकावर आली होती, जिना चढताना ती थांबत नव्हती, पण हे वाक्य तिने इतक्या शांतपणे उच्चारले, की मला त्याची भीती वाटली. वृद्ध माणसे पंगतीतून उठली की हळूहळू घरातूनही उठतात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. मी दोघींची तिकिटे काढली.

नंदुरबारला उतरले की ऋतू कोणताही असो, आधी मिरचीची आठवण होते. मिरचीच्या मोठ्या बाजारपेठांत या शहराची गणना होते. हंगामात शहराभोवतीच्या मोकळ्या जमिनींवर मिरचीच्या पथारी पसरतात, आणि दुरून पाहणाऱ्याला जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखे दिसते. वैशाखात ते दृश्य ओसरलेले असते, तरी ठसका हवेत राहतोच. येथील माणसाला अळणी जेवण म्हणजे शिक्षा. स्लीव्हनंतर मात्र काहींना आम्लपित्त वर येण्याचा त्रास सुरू होतो किंवा आधीचा वाढतो, आणि तेल-तिखट त्याला निमित्त ठरते. अक्काला सुदैवाने तो त्रास बेताचा आहे. तिने तिखट सोडले नाही; तिखटाची जात बदलली. लवंगी मिरचीच्या ठेच्याऐवजी रंगाला गडद पण चवीला सौम्य अशी मिरची, लसूण भाजून घेतलेला, आणि तेलाची तर्री बाजूला काढलेली. माझ्या मते हा समझोता मानाचा आहे. अळणी खाऊन कुढत बसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

स्थानकाबाहेरच्या खानावळीत शेवभाजी समोर आली, तेव्हा मात्र तिने ताट सरळ माझ्याकडे सरकवले. यामागचे कारण पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. या शस्त्रक्रियेनंतर भाकरी, पोळी, कोरडे मांस असे पदार्थ छातीत अडकतात. याउलट शेव, फरसाण, बिबडे, बिस्किटे, आइस्क्रीम तोंडात विरघळून सरळ खाली उतरतात. ते उतरतात म्हणून माणूस सुखावतो आणि दिवसभर थोडे थोडे खात राहतो. पोट भरल्याची जाणीव होत नाही, प्रथिने मिळत नाहीत, आणि एक-दोन वर्षांनी उतरलेले वजन पावलापावलाने परत येऊ लागते. “आजीला काही जात नाही, निदान चिवडा तरी खाऊ दे,” असे प्रेमाने म्हणणाऱ्या नातवंडांनी हे लक्षात ठेवावे.

नंदुरबारहून शहाद्याच्या रस्त्यावर प्रकाशे लागते. तापी आणि गोमाई यांचा हा संगम दक्षिण काशी म्हणून ओळखला जातो. केदारेश्वराचे दगडी मंदिर, खाली घाट, आणि काठावर पितरांच्या नावाने पाणी सोडणारी माणसे. आम्ही घाटावर सावली धरून बसलो. अक्काने पिशवीतून उकडलेले अंडे काढले आणि ते वीस मिनिटे खाल्ले. वीस मिनिटे हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यावा: नखाएवढा घास, तो तोंडात पीठ होईतो चावायचा, गिळायचा, क्षणभर थांबायचे आणि मग दुसरा. पाणी त्यानंतर अर्ध्या तासाने. जेवताना किंवा लगेच नंतर पाणी प्यायले तर त्या अरुंद जठरात अन्नाला जागा उरत नाही, आणि काही वेळा सगळेच उलटून येते. मात्र दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट पोटात जायलाच हवे. वैशाखातल्या नंदुरबारात ही कसरत सोपी नव्हे. अक्काच्या पिशवीतली बाटली आणि मनगटावरचे घड्याळ यांची सांगड आम्ही सबंध प्रवासात घातली. ज्येष्ठांना तहान उशिरा कळते, त्यामुळे आठवण करण्याचे काम सोबतच्या माणसाने अंगावर घ्यावे.

पुढे शहाद्याच्या बाजूला पपईच्या बागा दिसू लागतात. मऊ आहाराच्या काळात पिकलेली पपई अक्काला फार उपयोगी पडली होती, म्हणून तिने एका बागेच्या कडेला गाडी थांबवून दोन फळे घेतली. माहेरी जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही, हे त्यामागचे दुसरे कारण.

घरी वहिनीने पायावर पाणी घातले आणि अक्काकडे बघून ती रडली. तिला अक्का आजारी वाटली. सैल झालेली कातडी, विरळ झालेले केस, बारीक झालेला चेहरा. ज्यांनी मधले महिने पाहिलेले नसतात, त्यांना हा बदल दुखण्यासारखाच दिसतो. केस गळणे पहिल्या सहा-आठ महिन्यांत पुष्कळांना होते आणि प्रथिने, लोह इत्यादींची काळजी घेतली तर बहुधा थांबते. हे वहिनीला समजावून सांगेतो संध्याकाळ झाली. काकू मात्र समजावण्यापलीकडच्या. ब्याऐंशी वर्षांच्या. “आखो ले ना माय,” हे त्यांचे पालुपद. आग्रह हीच त्यांची भाषा आहे, आणि आयुष्यभर त्या भाषेत बोललेल्या माणसाला एकाएकी गप्प करणे मला क्रूर वाटते.

तोडगा वहिनीने काढला. तिने पहिल्या रात्री फुणके आणि कढी केली. फुणके हा खान्देशी घरातला जुना प्रकार: भिजवलेली तूर-हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. डाळ, वाफ आणि ताकाची कढी. सुरतेच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या कागदावर जे जे होते, ते सारे या एका वाटीत होते आणि शिवाय चव होती. अक्काने दोन फुणके कढीत कुस्करून खाल्ले. काकूंनी तिसरा वाढला. अक्का म्हणाली, “काकू, हा सकाळी खाईन, झाकून ठेवा.” काकूंनी तो खरोखरच आपल्या हाताने झाकून ठेवला, आणि सकाळी त्यांनीच वाटीत गरम करून आणला. नकार न देता वेळ मागून घ्यायची ही युक्ती पुढे पाच दिवस चालली. आग्रह करणाऱ्याला हाताला काम हवे असते. ते मिळाले की तो रागावत नाही.

प्रथिनांचा येथे जरा विस्ताराने विचार करते, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत सारे त्यावर अडते. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि साठीनंतर झिजलेला स्नायू सहजासहजी भरून येत नाही. मग तोल जातो, माणूस पडतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास. पण आपले वरण पाण्यासारखे पातळ असेल, तर वाटीभर वरणातून पदरात फारच थोडे पडते. म्हणून अक्काचे वरण वेगळे काढून घट्ट आटवायचे आणि पानात तेच आधी घ्यायचे, नंतर भाजी, नंतर जागा उरली तर भाकरी. आपल्या जेवणाचा क्रम याच्या अगदी उलट असतो. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळून केलेली, कोरड्या पोळीपेक्षा त्या दृष्टीने उजवी. तरीही तीही अक्का वरणात भिजवूनच खाते. दादर ज्वारीची ताजी भाकरी तव्यावरून थेट वाटीतल्या वरणात पडली, तर तिचे दोन-चार घास उत्तम जातात. बट्टीने मात्र फसवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी वरण-बट्टीचा बेत होता. तुपात माखलेल्या बट्टीचा कोरा तुकडा अक्काने घेतला आणि पाऊण तास छातीवर हात ठेवून ओट्यावर बसून राहिली. अशा वेळी वर पाणी पाजू नये. शांत बसावे, सावकाश फेऱ्या माराव्यात. वारंवार उलट्या होऊ लागल्या, पाणीही टिकेना, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे, कारण ब १ जीवनसत्त्वाची कमतरता थोड्या काळात मज्जासंस्थेला इजा करू शकते.

आखाजीच्या दिवशी अक्का पहाटे चुलीपाशी गेली. खापरावरचे मांडे करणे हे सगळ्यांच्या हातचे काम नाही. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि पालथ्या घातलेल्या तापल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. अक्काचा हात यात घरातला सर्वांत चांगला मानला जात असे. गुडघ्यांमुळे चार वर्षे ती खाली बसू शकली नव्हती. त्या दिवशी तिने सतरा मांडे केले. तिच्या पानात मी अर्धी वाटी फुणके वाढले, ते संपल्यावर तळहाताएवढा मांड्याचा तुकडा, त्यावर चमचाभर तूप. आमरस नाही. पुरण आणि रस एकाच पानात घेतले, तर साखर एकदम आतड्यात उतरते, आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा झटका येऊ शकतो. ‘बायपास’ प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर हे अधिक आढळते, स्लीव्हनंतर कमी. पण मधुमेही ज्येष्ठाने ही परीक्षा घेऊच नये. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, तीही ध्यानात ठेवावी.

तिने पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. “लागतो तसाच,” एवढेच म्हणाली. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांची चव बदलते, आवडीचे गोड नकोसे होते. तिला त्याचीच धास्ती होती. दुसरा, तिसरा, चौथा घास झाला आणि तिचे नाक वाहू लागले. हा तिचा थांबण्याचा इशारा आहे. कोणाला उचकी लागते, कोणाला शिंक येते; नव्या जठराची ही सूचना प्रत्येकाने ओळखून ठेवायची असते, कारण त्यापुढचा एक घास म्हणजे त्रासच. उरलेला तुकडा तिने काकूंच्या पानात ठेवला. काकूंनी तो खाल्ला आणि यंदाचे पुरण जरा गोडच झाले, असा शेरा दिला.

आमरसाचे दोन चमचे दुसऱ्या दिवशी न्याहारीला, अंडे खाऊन झाल्यावर.

परतण्यापूर्वी आम्ही तोरणमाळला गेलो. सुमारे ११५० मीटर उंचीवरचे हे पठार, मधोमध यशवंत तलाव, कडेला सीताखाईची खोल दरी. अक्का तलावाच्या काठाने अर्धा तास चालली. वाटेत आणि पलीकडे धडगावच्या पाड्यांवर त्या दिवसांत सर्वत्र कैऱ्या सोलण्याचे काम चाललेले असते. अंगणांत, उतारांवर, खाटांवर पांढुरक्या फोडी वाळत पडलेल्या. हेच सातपुड्याचे आमचूर. ते सोलणाऱ्या बायांकडे बघताना मनात येते ते टाळता येत नाही. आम्ही ज्या जिल्ह्यात जास्तीच्या खाण्यावरची शस्त्रक्रिया पचवायला आलो, त्याच जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात बाळंतिणींच्या आणि मुलांच्या कुपोषणाची चिंता वर्षानुवर्षे वाहिली जाते आहे. आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून दिवसाला एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून सुरू आहे, आणि त्या ताटातही भाकरी, डाळ, भाजी, अंडे हेच असते. अक्काच्या वहीतल्या पानाची आणि अंगणवाडीच्या ताटाची यादी इतकी सारखी असावी, याचे मला आश्चर्य वाटले. अक्काला वाटले नाही. ती म्हणाली, “डाळ सगळ्यांना कमीच पडते गं. कोणाला मिळत नाही म्हणून, कोणी शेवेवर भागवते म्हणून.”

सामान बांधताना तिने औषधांचा डबा सर्वांत वर ठेवला. ब १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. ही पूरके तिला आयुष्यभर घ्यायची आहेत, आणि ठराविक काळाने रक्त तपासायचे आहे. वजन उतरल्यावर मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी लागते. जुन्याच मात्रेवर राहिल्यास साखर किंवा दाब फार खाली जाण्याचा धोका असतो. सांधेदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, हे तिने वहीत लाल शाईने लिहिले आहे.

डब्याखाली दोन किलो दादर, आमचुराची पुडी, कळण्याचे पीठ आणि फुणक्यांसाठी वहिनीने भरडून दिलेली डाळ. काकूंनी बिबड्यांचा गठ्ठा पुढे केला. अक्काने त्यातले दोन काढून घेतले, बाकीचे माझ्या पिशवीत घातले, आणि काकूंना विचारले, “दिवाळीला भरीत कोणत्या दिवशी करताय? त्याच दिवशी येते.”